नोकरी सांभाळून एड.डी.: अर्जापासून शेवटच्या सहीपर्यंत

मे २०२५ मध्ये माझी एड.डी. पूर्ण झाली. डॉक्टर ऑफ एज्युकेशन, विषय शैक्षणिक नेतृत्व. अमेरिकेतल्या एका सरकारी मिडल स्कूलमध्ये (साधारण सहावी ते आठवीची शाळा) मी उपमुख्याध्यापिका आहे आणि ही पदवी मी पूर्णवेळ नोकरी करत एका राज्य विद्यापीठातून घेतली. सुरुवात करण्याआधी मराठीत याबद्दल काही वाचायला मिळतंय का, ते मी खूप शोधलं. पीएच.डी.चे अनुभव सापडले. पण भारतातून शिक्षिका म्हणून इथे आलेल्या आणि पुढे शाळा चालवण्याच्या कामात शिरलेल्या कुणी लिहिलेलं काही हाती लागलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कागदपत्रांचा भाग मुद्दाम गाळलेला नाही, कारण माणूस अडकतो तो तिथेच.

"मग सरळ पीएच.डी. का नाही?" हे घरच्यांपासून सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारलं. मला प्राध्यापक व्हायचं नव्हतं, शाळेतच राहायचं होतं. पीएच.डी.चा प्रश्न बहुतेक वेळा आधीच्या संशोधनात काय राहून गेलं आहे यातून निघतो. एड.डी.चा प्रश्न तुमच्या रोजच्या कामातून निघावा लागतो, आणि तो सोडवण्यासाठी काहीतरी करून बघावं लागतं. पदवी तशी जुनी आहे. हार्वर्डने ती १९२० च्या सुमारास सुरू केली, ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने १९९२ मध्ये. पण अनेक ठिकाणी ती वर्षानुवर्षं हलकी पीएच.डी. म्हणूनच शिकवली गेली. २००७ मध्ये 'कार्नेगी प्रोजेक्ट ऑन द एज्युकेशन डॉक्टरेट' सुरू झाला, विद्यापीठं एकत्र आली आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसासाठी या पदवीची नव्याने आखणी झाली. आज त्यात शंभराहून जास्त संस्था आहेत.

विद्यापीठ निवडताना मी दोन गोष्टी पाहिल्या: ते या गटात आहे का, आणि त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी कशावर प्रबंध लिहिले आहेत. हे प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या साइटवर बहुधा कुणालाही वाचता येतात. पाच-सहा चाळले की लगेच कळतं, नुसत्या प्रश्नावल्या भरून घेतल्या आहेत की शाळेत खरोखर काही बदलून पाहिलं आहे. माहितीपत्रक वाचण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

अर्जाची मुदत जानेवारी २०२१ ची होती. जीआरई ही प्रवेशपरीक्षा नको होती. हवं होतं ते असं: तीन शिफारसपत्रं, कामाचा सविस्तर आढावा, एक लेखन-नमुना आणि 'तुमच्या शाळेतली कोणती समस्या तुम्हाला अभ्यासायची आहे' यावर दोन पानं. मास्टर्स मी इथेच केलं होतं, पण विद्यापीठाला भारतातल्या बी.ए. आणि बी.एड.चंही मूल्यांकन हवं होतं. शिक्षिकेचं लायसन्स काढताना मी ते करून घेतलं होतंच. पण तो अहवाल नुसत्या पदव्यांचा होता, आणि इथे प्रत्येक विषयाचे गुण आणि क्रेडिट दाखवणारा अहवाल हवा होता. म्हणजे भारतातल्या विद्यापीठातून साक्षांकित गुणपत्रिका बंद लखोट्यात मागवणं पुन्हा आलं. महामारीच्या त्या काळात तिथलं ऑफिस कधी सुरू, कधी बंद. माझा भाऊ तिथे खेटे घालत होता, आणि इकडे माझा जीव टांगणीला. लखोटा मुदतीच्या जेमतेम आधी पोचला. तुम्ही भारतात शिकला असाल तर एड.डी.चा विचार नुसता मनात आला तरी गुणपत्रिकांचं काम त्याच आठवड्यात सुरू करा. बाकी सगळं रात्री जागून उरकता येतं, हे येत नाही.

मार्चमध्ये मुलाखत झाली आणि एप्रिलअखेर प्रवेशाचं पत्र आलं. ऑगस्ट २०२१ मध्ये वर्ग सुरू.

पैशांचं आधीच बोलून टाकते. माझा अभ्यासक्रम ५४ क्रेडिटचा होता, क्रेडिटमागे साधारण ६०० डॉलर. म्हणजे नुसती फीच बत्तीस हजारांच्या पुढे, शिवाय दर सत्राची तंत्रज्ञान फी वगैरे वेगळी. आमचं स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, वर्षाला ३,००० डॉलरपर्यंत परत देतं, पण सत्र संपल्यावर, ग्रेड आणि पावती दाखवल्यावर. तोवर पैसे आपले आपण भरायचे. नोकरीच्या ठिकाणाहून मिळणाऱ्या अशा मदतीतले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असतात, त्यामुळे त्यावर कर बसला नाही. उरलेल्यातलं काही बचतीतून गेलं आणि काहीसाठी सरकारी कर्ज काढलं. ग्रीन कार्ड असेल तर ते मिळतं, व्हिसावर असाल तर नाही. या कर्जाची एक अट माझ्या बॅचमधल्या अनेकांना उशिरा कळली. कर्जाचे हप्ते सुरू होऊ नयेत यासाठी तुमची नोंदणी किमान अर्धवेळ असावी लागते. प्रबंधाच्या टप्प्यात लोक एक-एक क्रेडिट घेतात आणि अचानक हप्त्याचं पत्र येतं. किती क्रेडिटला अर्धवेळ धरतात, हे आर्थिक साहाय्य कार्यालयाकडून ईमेलवर लेखी घ्या, फोनवर नको.

पहिली दोन वर्षं वर्गांची. महिन्यातून एकदा शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दिवसभर प्रत्यक्ष वर्ग, मधल्या आठवड्यांत ऑनलाइन, आणि उन्हाळ्यात आठवडाभराचा निवासी वर्ग. या पद्धतीत सगळी बॅच एकत्र आत जाते आणि शेवटपर्यंत बरोबर राहते. आमच्यात मुख्याध्यापक होते, एक सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचे प्रमुख) होते, कम्युनिटी कॉलेजमधल्या एक डीन, विशेष शिक्षणाच्या समन्वयक आणि नर्सिंग शिकवणाऱ्या एक बाई. सुरुवातीला मी फारसं बोलत नसे. बाकीचे सगळे इथे लहानाचे मोठे झालेले, मी या देशातली शाळा पहिल्यांदा पाहिली तीच शिक्षिका म्हणून. पण शिक्षण-धोरणाच्या वर्गात हजेरीच्या कायद्यांवर चर्चा निघाली, तेव्हा लक्षात आलं की परक्या देशातून आलेल्या पालकाला शाळेचं पत्र कसं दिसतं, हे त्या खोलीत मलाच ठाऊक आहे. तिथून गप्प बसणं संपलं.

शनिवार गेले. मुलीच्या स्पर्धा, मित्रमंडळींचे कार्यक्रम, भारताच्या फेऱ्या, सगळ्यात काटछाट झाली. नवऱ्याने स्वयंपाकघर जवळजवळ पूर्ण हाती घेतलं. घरच्यांशी याबद्दल आधी मोकळेपणाने बोलून घ्यावं, आणि एकदा बोलून भागत नाही, दर सत्राच्या सुरुवातीला पुन्हा बसून बोलावं. कारण प्रत्येक सत्राचा ताण वेगळा असतो.

आता मुख्य भाग. अर्जात मी 'शाळेतली दीर्घ गैरहजेरी' ही समस्या लिहिली होती. शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के किंवा जास्त दिवस मूल आलं नाही, तर त्याला दीर्घ गैरहजर धरतात. १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस. महामारीआधी देशभरात साधारण १५ टक्के मुलं या गटात होती, २०२१-२२ मध्ये ते प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास गेलं. आमच्या शाळेतही तेच चित्र. मला वाटत होतं, विषय पक्का आहे. पहिल्याच सत्रात प्राध्यापक बाईंनी माझी दोन पानं परत दिली. खाली एवढंच लिहिलेलं: "यातलं तुमच्या हातात काय आहे?"

या प्रश्नाने मला जवळजवळ दीड वर्ष सोडलं नाही. गैरहजेरीची कारणं मांडायला त्यांनी माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढायला लावली, एकेका काट्यावर एकेक कारण. घरभाडं परवडत नाही म्हणून होणारी स्थलांतरं, दम्यासारखे आजार, पालकांच्या रात्रपाळ्या, बसचे मार्ग, दादागिरी, कंटाळवाणे तास. आकृती भरत गेली आणि मी हताश होत गेले. यातलं बहुतेक काहीच उपमुख्याध्यापिकेच्या हातात नव्हतं. मग आम्हाला सांगितलं, आता प्रत्येक काट्यावर खूण करा: हे मी उद्या बदलू शकते, हे माझा डिस्ट्रिक्ट बदलू शकतो, हे कायद्याशिवाय बदलणार नाही. पहिल्या प्रकारच्या खुणा मोजक्याच निघाल्या. त्यातली एक होती, मूल गैरहजर राहिल्यावर शाळा घराशी कशी बोलते.

आमच्याकडे तेव्हा असं चालायचं. पहिल्या गैरहजेरीपासून घरी यंत्राचा फोन. विनाकारण गैरहजेरीचे ठरावीक दिवस भरले की एक छापील पत्र. त्या पत्राचा पहिला परिच्छेद राज्याच्या कायद्याच्या कलमांचा. दुसऱ्यात न्यायालयाचा उल्लेख. मुलाचं नाव मध्येच मोठ्या अक्षरांत घुसवलेलं, कारण ते संगणक भरायचा. 'तुमचं मूल बरं आहे ना?' असं विचारणारं एक वाक्य नाही. आणि खाली छापील सही माझी, कारण हजेरीचं खातं माझ्याकडे. पत्राचा मजकूर डिस्ट्रिक्टचा होता, पण ते कधी जावं आणि त्याआधी काय व्हावं, हे शाळेच्या हातात होतं. प्रबंधाचा विषय असा आकसत आकसत सहावीच्या वर्गांवर आला: मिडल स्कूलमध्ये नव्याने आलेल्या मुलांच्या घराशी पहिल्या काही गैरहजेरींनंतर होणारं बोलणं.

तुम्ही एड.डी.ला बसणार असाल तर हा टप्पा घाईत उरकू नका, असं मी कळकळीने सांगेन. आमच्या बॅचमध्ये ज्यांचा विषय मोठा राहिला, ते पुढे आकडे गोळा करताना थकले. समस्या आपल्या खुर्चीवरून हात पोचेल एवढीच हवी.

पात्रता परीक्षा २०२३ च्या वसंतात झाली. घरी बसून लिहायची, प्रश्न अभ्यासक्रमातलेच. वर्ग नीट केले असतील तर तिची भीती बाळगू नये.

त्याच सुमारास समिती ठरवायची होती: एक मुख्य मार्गदर्शक, दोन प्राध्यापक आणि एक सदस्य प्रत्यक्ष शाळाक्षेत्रातला. मार्गदर्शक निवडताना सगळे विषयतज्ज्ञ शोधतात. मी आधीच्या बॅचमधल्यांना वेगळंच विचारलं: मसुदा पाठवल्यावर किती दिवसांत परत येतो, आणि शेरे कसे असतात. विद्यापीठाच्या नियमात दोन आठवडे लिहिलेले असतात, प्रत्यक्षात महिना-दीड महिना सहज जातो. मला मिळालेल्या बाई वेळेच्या पक्क्या होत्या, आणि चार वर्षांतलं माझं सर्वांत मोठं भाग्य मी तेच समजते. संशोधनपद्धतीचे प्राध्यापक मात्र मध्येच दुसऱ्या विद्यापीठात गेले. समिती बदलण्याचा अर्ज, नव्या सदस्याची संमती, विभागप्रमुखांची सही, ग्रॅज्युएट स्कूलची मंजुरी, यात सगळा उन्हाळा गेला. नव्या प्राध्यापकांना आराखड्यातला दुसरा भाग पटला नाही, तो पुन्हा लिहिला. संशोधनाच्या आराखड्याची तोंडी सप्टेंबर २०२३ मध्ये पार पडली.

यानंतर जे आलं त्याची कल्पना मला कुणी दिली नव्हती. माणसांवर संशोधन करायचं तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची, म्हणजे आयआरबीची, मंजुरी लागते. त्याआधी सिटी नावाचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्र जोडायचं, ते एका शनिवारी होतं. शाळेतल्या नेहमीच्या कामकाजावरचं साधं संशोधन नियमांनुसार बऱ्याचदा सवलतीच्या वर्गात बसतं आणि लवकर सुटतं. माझंही बसेल असं वाटत होतं. डिसेंबरमध्ये अर्ज प्रश्नांची यादी घेऊन परत आला, आणि त्यातला मुख्य प्रश्न सरळ होता. तुम्ही या शिक्षकांच्या वरिष्ठ आहात. त्यांचं वार्षिक मूल्यमापन तुम्ही करता. तुम्ही संमतीपत्र पुढे केल्यावर ते 'नाही' कसे म्हणतील?

मला आधी वाईट वाटलं. माझे शिक्षक मला ओळखतात, मी कुणाचं नुकसान करेन का, असं मनात आलं. पण दोन-तीन दिवस तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला आणि पटत गेला. कुणाच्या स्वभावाचा प्रश्नच नव्हता, प्रश्न खुर्चीचा होता. वरिष्ठांनी 'तुमची इच्छा असेल तर' असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानावर काय पडतं, हे मीही शिक्षिका असताना अनुभवलं आहे. या पदवीत शिकलेल्या गोष्टींपैकी माझ्या रोजच्या वागण्यात सर्वांत जास्त उतरलेली गोष्ट हीच. आजही शिक्षकांना एखादं जादा काम विचारायचं असेल तर 'नाही' म्हणायची खरी वाट ठेवली आहे का, हे मी आधी बघते.

उपाय असा काढला. सहावीच्या शिक्षकांचं त्या वर्षीचं मूल्यमापन दुसऱ्या उपमुख्याध्यापकांकडे दिलं आणि तसं मुख्याध्यापकांचं पत्र जोडलं. आवाहनाचा ईमेल माझ्याऐवजी शाळेच्या समुपदेशकांनी पाठवला. शिक्षकांच्या आणि पालकांच्या मुलाखती माझ्या बॅचमधल्या एका मैत्रिणीने घेतल्या, तिचं नाव आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र अर्जात घातलं. नावं काढून टाकलेले मजकूर तेवढे माझ्याकडे आले, आणि कोण सहभागी झालं, कोण नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्या प्रबंधासाठी मी तिच्या शाळेत हेच काम केलं. तुम्ही स्वतःच्याच शाळेत अभ्यास करणार असाल, तर असा जोडीदार पहिल्या वर्षीच शोधून ठेवा.

दुसरा गुंता कागदांचा. विद्यापीठ म्हणे, आधी डिस्ट्रिक्टचं परवानगीपत्र आणा. डिस्ट्रिक्टची संशोधन समिती म्हणे, आधी विद्यापीठाची मंजुरी दाखवा. मुलांच्या हजेरीच्या नोंदी मी नोकरी म्हणून रोज उघडते, पण संशोधन म्हणून उघडायला वेगळी परवानगी लागते, कारण मुलांच्या शालेय नोंदींचं संरक्षण करणारा १९७४ चा फर्पा कायदा आहे. दोन्ही ऑफिसांमध्ये काही आठवडे फक्त ईमेल फिरत राहिले. शेवटी डिस्ट्रिक्टकडून 'विद्यापीठाची मंजुरी मिळण्याच्या अटीवर' असं सशर्त पत्र मिळालं आणि गाडी हलली. सशर्त पत्र हा शब्दप्रयोग लक्षात ठेवा. तो माहीत असता तर माझे बरेच दिवस वाचले असते. पालकांसाठीचं संमतीपत्र आठवीच्या मुलाला समजेल इतक्या सोप्या इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये हवं होतं, आणि भाषांतर करणाऱ्याचं प्रमाणपत्रही. मंजुरी फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. मंजुरीच्या आधी घेतलेली एकही मुलाखत प्रबंधात वापरता येत नाही, त्यामुळे कितीही घाई असली तरी तोवर थांबावंच लागतं.

प्रत्यक्ष काम छोट्या छोट्या फेऱ्यांत केलं. योजना करा, करून बघा, तपासा, सुधारा. शूहार्ट आणि डेमिंग यांच्या कारखान्यातल्या गुणवत्तेच्या विचारातून आलेली ही पद्धत आता शाळा आणि रुग्णालयांतही वापरतात. पहिल्या फेरीत, मूल तिसऱ्यांदा आलं नाही की होमरूमच्या शिक्षकांनी (म्हणजे वर्गशिक्षकांनी) स्वतः घरी फोन करायचा, त्यासाठी मी चार ओळींचा नमुना लिहून दिला होता. शिक्षकांचं म्हणणं आलं, नमुना वाचताना आवाज यंत्रासारखाच होतो. दुसऱ्या फेरीत नमुना काढला आणि एकच गोष्ट ठेवली: पहिलं वाक्य मुलाबद्दलचं असावं, हजेरीबद्दलचं नाही. शाळेच्या वेळेत फोन उचलले जात नव्हते, म्हणून घरच्या भाषेत मेसेजही जोडला. तिसऱ्या फेरीत, असं एकदा बोलणं झाल्याशिवाय ते छापील पत्र निघणार नाही, असं ठरवलं.

उन्हाळ्यात मुलाखतींचे मजकूर आले. एका आईचं बोलणं मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधीच्या वर्षी आलेलं पत्र तिने मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलं होतं. सरकारी कागद आहे एवढं कळलं होतं, काय लिहिलंय ते नाही. मुलाखत घेणारीला तिने विचारलं होतं, "हे आलं म्हणजे त्याला शाळेतून काढणार का?" त्यानंतर तिने काही दिवस मुलाला शाळेत पाठवलंच नव्हतं. काढायच्या आधी नाव तरी खराब होऊ नये म्हणून. गैरहजेरी कमी व्हावी म्हणून निघालेलं पत्र गैरहजेरी वाढवत होतं. हे हजेरीच्या कुठल्याच तक्त्यात दिसलं नसतं.

निकाल जसे आहेत तसे लिहिले. ज्या घरांशी लवकर बोलणं झालं त्यातल्या काही मुलांची हजेरी सुधारली, काहींच्या बाबतीत काहीच फरक पडला नाही, आणि घर बदलत फिरणाऱ्या कुटुंबांपर्यंत आम्ही पोचलोच नाही. एवढ्या लहान अभ्यासातून 'अमुकमुळेच तमुक झालं' म्हणता येत नाही, आणि तसं म्हणायचंही नसतं. समितीला त्यात काही वावगं वाटलं नाही. फेऱ्यांमध्ये काय शिकलो आणि त्यावरून पुढे काय बदललं, याची नोंद त्यांना हवी होती.

लेखन ऑगस्ट २०२४ ते जानेवारी २०२५. पहाटे पाच ते साडेसहा, शाळेत जाण्याआधी. संध्याकाळी डोकं चालत नाही, हे लवकर मान्य केलं. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या सॉफ्टवेअरमध्ये ठेवले, ते मोफत आहे आणि एपीए या संदर्भ-लेखन पद्धतीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे यादी काढून देतं. मुलाखती लिहून घेण्याला आणि शेवटच्या भाषा-तपासणीला मिळून हजारभर डॉलर लागले. विद्यापीठाचं लेखन-केंद्र मोफत आहे आणि तिथल्या माणसांनी फार आपुलकीने मदत केली. इंग्रजी आपली पहिली भाषा नाही म्हणून तिथे जायला मी आधी संकोचत होते, पण इथेच जन्मलेले लोकही रांगेत असतात. नोव्हेंबरात एक मोठा खड्डा आला. तिसरं प्रकरण पूर्ण नव्याने मांडायला सांगितलं होतं, आणि शाळेत तेव्हा सगळी धावपळ. सोडून द्यावं असं मनापासून वाटलं. बॅचमधल्या आम्ही चौघीजणी रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर बसायचो, बोलायचं नाही, फक्त आपापलं लिहायचं. त्या रविवारांनी मला पार नेलं.

मार्च २०२५ मध्ये अंतिम तोंडी झाली. वीस मिनिटं सादरीकरण, मग तासभर प्रश्न. आकडेमोडीवर कमी, माझ्या भूमिकेवर जास्त. शाळाक्षेत्रातल्या सदस्यांनी विचारलं, "तुम्ही उद्या बदलून गेलात तर हे टिकेल का?" याचं उत्तर मी तयार ठेवलं नव्हतं, पण खरं होतं तेच सांगितलं: फोनची पद्धत सहावीच्या शिक्षकांनी आपली मानली आहे, पत्राचं डिस्ट्रिक्टवर अवलंबून आहे. मला बाहेर थांबवलं, पुन्हा आत बोलावलं आणि मार्गदर्शक बाईंनी पहिल्यांदा 'डॉक्टर' म्हणून हाक मारली. डोळे भरून आले. आई-बाबा व्हिडिओवरून बघत होते, तिकडे रात्र होती.

पण तेवढ्यावर संपत नाही. समितीच्या सुधारणा, मग ग्रॅज्युएट स्कूलची मांडणी-तपासणी. समास, पानांचे आकडे, तक्त्यांची शीर्षकं यावरून प्रबंध परत येतो, आणि मेच्या पदवीसाठी मुदत एप्रिलच्या मध्यातच असते. तोंडी आणि ही मुदत यांत किमान महिनाभर ठेवा. पदवीदान समारंभासाठीचा अर्ज वेगळा असतो आणि त्याची तारीख फेब्रुवारीतच निघून जाते. आयआरबीला अभ्यास संपल्याचा अर्ज द्यावा लागतो. संशोधनाच्या नोंदी किमान तीन वर्षं सुरक्षित ठेवायच्या असतात. मुलाखतींच्या ध्वनिफिती मात्र संमतीपत्रात कबूल केल्याप्रमाणे मैत्रिणीने लगेच पुसल्या.

पदवी नोंदलेली अंतिम गुणपत्रिका विद्यापीठाने थेट डिस्ट्रिक्टच्या मनुष्यबळ विभागाला पाठवली. पगाराच्या तक्त्यात डॉक्टरेटचा वेगळा रकाना असतो, पण ठरलेल्या तारखेआधी कागद पोचला तरच त्या वर्षापासून तो लागू होतो, म्हणून ही तारीख जूनमध्येच विचारून घ्यावी. पत्राचा मजकूर डिस्ट्रिक्टच्या वकिलांनी पाहिला आणि कायद्याची कलमं खाली, दुसऱ्या पानावर गेली. या वर्षी तो मसुदा इतर मिडल स्कूलमध्येही वापरून बघत आहेत. त्या फेऱ्यांच्या नोंदी तिथले लोक ठेवतात, मी फक्त महिन्याच्या बैठकीला जाते.